ट्रेक की जनावर? बोरिवलीच्या जंगलात एका सकाळी दोन्ही मिळत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी पुण्याहून डिसेंबरअखेरीस येताय. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एक दिवस काढायचा आहे. पाच-सहा तासांचा दणदणीत ट्रेक व्हावा, प्राणी दिसावेत, जमलंच तर बिबट्या दिसावा, आणि मुलगी बरोबर असल्यामुळे धोका मात्र नको. वाट कोणती घ्यावी, वाटाड्या लागतो का, दुर्बीण घ्यावी का?

गेली वीसेक वर्षं मी या जंगलात माणसं घेऊन फिरतोय. आधी हौस म्हणून, मग शाळांच्या मुलांचे गट घेऊन. त्या अनुभवावर सांगतो, तुमच्या एका प्रश्नात दोन वेगळ्या सहली दडल्या आहेत. एक चालायची आणि एक थांबायची. बहुतेक मंडळी दोन्ही एकाच सकाळी उरकायला येतात आणि संध्याकाळी 'तिथे काही नाही हो, नुसती माकडं' असं म्हणत घरी जातात. तेव्हा वाट कोणती हे ठरवायच्या आधी तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा.

असं का, ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच वाटेवर आमचे दोन गट होते. पहिल्यात कॉलेजची पंधरा मुलं. त्यांनी अडीच तासांत पूर्ण फेरी मारली, घामाघूम होऊन आली. त्यांना दिसलं काय? माकडं आणि एका मोराची पाठ. दुसऱ्या गटात सहा जण होते, त्यात एक आजी गुडघ्यांनी बेजार. आजींमुळे आम्ही जेमतेम किलोमीटरभर गेलो आणि नाल्याच्या कडेला एका खडकावर बसकण मारली. पहिली पंधरा मिनिटं काहीच घडलं नाही. जंगलाला तेवढा वेळ लागतोच, आपण आल्याची बातमी शिळी व्हायला. मग समोरच्या काठावर एक मुंगूस आलं. स्वर्गीय नर्तक पाण्यावर झेपा घालून अंघोळ करून गेला. वर सर्पगरुड शीळ घालत घिरट्या घेत होता. आणि उठायच्या बेतात असताना पलीकडच्या झुडपातून एक भेकर बाहेर आलं, आमच्याकडे बघत उभं राहिलं, आणि टुणकन आत गेलं. आजी आजही फोन केला की त्या भेकराचं विचारतात.

डिसेंबरात तर हे आणखी खरं. सागाची पानं गळायला लागलेली असतात आणि पायाखाली पापडासारखी वाजतात. पंधरा जण चालले की तो आवाज जनावरांना आपण दिसायच्या कितीतरी आधी पोचतो. त्यात मागच्या माणसाच्या मोबाईलवर गाणं. मग काय, जंगल कडी लावून घेतं.

आता बिबट्या. जवळपास १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, तिन्ही बाजूंनी मुंबई आणि ठाणे अंगावर आलेलं. उद्यान आणि लगतच्या भागात कॅमेरे लावून केलेल्या गणनेत २०१५ साली ३५ बिबटे नोंदले गेले आणि २०१८ साली ४७. एवढ्याशा जागेत इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. हे आकडे ऐकले की लोकांना वाटतं, आता तर दिसणारच. मी इतकी वर्षं जातोय. दिवसाउजेडी, पायी, आत जंगलात मला बिबट्या तीनदा दिसलाय, आणि त्यातल्या एकदा 'दिसला' म्हणजे शेपूट आणि मागची तंगडी. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून महिन्यातून एकदा दिसायचा. त्यांची सोसायटी जंगलाच्या भिंतीला लागून.

यात चमत्कार काही नाही. बिबट्या रात्री फिरतो, आणि त्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. कुत्री असतात कचऱ्यापाशी, आणि कचरा असतो वस्तीच्या कडेला. त्यामुळे रात्रीचा बिबट्या आतल्या गर्द रानापेक्षा कडेकडेने जास्त फिरतो, आणि दिवसा आत कुठेतरी कपारीत किंवा झाडीत गप्प पडून राहतो. तुम्ही सकाळी साडेनवाला जिथून चालत असाल तिथून तो तुम्हाला पाहत असण्याची शक्यता चांगली आहे. तुम्हाला तो दिसण्याची जवळजवळ नाही. म्हणून बिबट्या या सहलीच्या यादीतून काढून टाका. दिसला तर बोनस. आणि हो, उद्यानात बसमधून जी वाघ-सिंहांची सफारी होते ती कुंपणातली, पाळलेल्या जनावरांची. मुलीला दाखवायची तर जरूर दाखवा, पण ते म्हणजे हे जंगल असं तिला सांगू नका.

धोक्याचं विचारलंत, म्हणून थोडं मागे जातो. २००२ ते २००४ या काळात इथे बिबट्यांचे हल्ले फार वाढले होते, माणसं गेली. मी तेव्हा नवखा होतो. पाड्यांमधली ती भीती मला अजून आठवते. त्या काळात कुठे बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, पकडायचा आणि दुसरीकडे जंगलात नेऊन सोडायचा, ही रीत होती. पुढे अभ्यासातून लक्षात आलं की त्यानेच गोष्टी बिघडतात. परक्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, त्याला पाणवठे माहीत नसतात, माणसांच्या वेळा माहीत नसतात. आणि इथे रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येऊन बसतो. २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि शहरातली माणसं यांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) या नावाने काम सुरू केलं. भर पिंजऱ्यावर नाही, तर कचरा उचलणं, पाड्यात दिवे, रात्री मुलांना एकटं न सोडणं, बिबट्या दिसला तर गर्दी न करणं यावर. वारली लोकांना हे नव्याने शिकवावं लागलं नव्हतं खरं तर. त्यांचा वाघोबा देव आहे; त्याला शेंदूर लावायचा, नैवेद्य द्यायचा आणि त्याच्या वाटेत रात्री-अपरात्री जायचं नाही, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

तुमच्यापुरतं यातून काय घ्यायचं? बिबट्या उंच, उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. लहान चणीचं, वाकलेलं किंवा एकटं काही दिसलं तर त्याचा अंदाज चुकू शकतो. म्हणून मुलगी तुमच्या दोघांच्या मधे चालेल, पुढे पळणार नाही आणि मागे रेंगाळणार नाही, एवढा एकच नियम मी सक्तीचा करतो. लघवीला झुडपाआड जायचं झालं तर एक मोठं माणूस तिच्याजवळ उभं. चुकून समोर आलाच, तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, फोटोसाठी पुढे जायचं नाही. मुलीला उचलून घ्या, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा. तो हललाच नाही तर मोठ्या, खणखणीत आवाजात बोला. आणि सूर्य मावळायच्या आत जंगलाबाहेर. यात तडजोड नाही.

खरं सांगायचं तर मला बिबट्याची काळजी सर्वांत कमी वाटते. माझ्या गटांत माणसं जायबंदी झाली ती दुसऱ्याच गोष्टींनी.

पहिली माकडं. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर ती टोळीने बसलेली असतात, आणि त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज म्हणजे जेवणाची घंटा. तुमच्या मुलीच्या हातात वेफरचं पाकीट असेल तर ते तिचं राहणार नाही, आणि ओढाताणीत ओरखडा नक्की. खाणं सॅकच्या आत, सॅकची चेन बंद, आणि खायचं ते माकडं नसतील तिथे. ओरखडा किंवा चावा झालाच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजच्या लशीबाबत 'बघू उद्या' करायचं नाही. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं वेगळी. ती झाडपाल्यावर जगतात आणि आपल्या नादी कमी लागतात.

दुसरी मधमाशी. कातळकड्यांना आग्यामाशांची पोळी लटकलेली असतात. तिथे सिगारेट, धूर, दगड मारणं तर नाहीच, पण अंगावर भपकन अत्तर मारूनही येऊ नका. पोळं उठलं तर पाण्यात उडी मारू नका, मरणाचं पळत सुटा, डोकं-तोंड कापडाने झाकून.

तिसरी, जी पुण्याच्या मंडळींना माहीत असायला हवी पण कायम विसरतात, ती खाजकुइली. डिसेंबरात तिच्या मखमली शेंगा वेलीवर तयार होत असतात. दिसायला इतक्या गोंडस की लहान मूल हात लावणारच. लावला तर चोळू-खाजवू द्यायचं नाही; चिकटपट्टी लावून ओढा, म्हणजे बारीक केस तिच्यासोबत निघतात, मग धुवा. मी सॅकमध्ये चिकटपट्टीचा एक रोल कायम ठेवतो, आणि त्याचा उपयोग प्रथमोपचाराच्या पेटीपेक्षा जास्त वेळा झालाय.

सापांचं एवढंच: घोटा झाकणारे बूट, दगडाच्या फटीत हात नाही, पडलेल्या ओंडक्यावरून पाय टाकण्याआधी पलीकडे बघायचं. घोणस, फुरसं, नाग, मण्यार, सगळे इथे आहेत. चावलाच तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, तो अवयव न हलवता थेट रुग्णालय.

आणि पाणी. डिसेंबर आहे म्हणून फसू नका. मुंबईची थंडी सकाळी नऊपर्यंतची. एका हिवाळ्यात मी स्वतः हा शहाणपणा केला, 'दीड तासाचं तर काम आहे' म्हणून गटाला कमी पाणी आणायला सांगितलं. वाट चुकून दीडाचे साडेतीन तास झाले आणि साठीच्या एका गृहस्थांना चक्कर आली. त्यांना सावलीत झोपवून पाड्यातल्या एका घरातून पाणी आणलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून माणशी दोन लिटर, लहान असो की मोठं.

आता वाटा. इथे बरंच काही परवानगीवर, मोसमावर आणि त्या वर्षीच्या नियमांवर अवलंबून आहे, तेव्हा येण्याआधी उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. हे राष्ट्रीय उद्यान आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली इथे कुठूनही घुसून कुठेही फिरणं हा गुन्हा आहे. इंटरनेटवर जे 'गुप्त धबधबे' सापडतात त्यांच्या मागे लागू नका. सोमवारी उद्यान बंद असतं. आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे शाळांना सुट्टी, त्यामुळे शनिवार-रविवार टाळून मंगळ ते शुक्रमधला दिवस धरा, फाटक उघडताना हजर राहा. दहानंतर आलात तर तुम्ही जत्रेत आलात.

तुम्ही 'थांबायची' सहल निवडलीत, आणि नऊ वर्षांच्या मुलीसोबत मी तीच निवडेन, तर शिलोंड्याची वाट मागा. नाल्याच्या कडेने जाते, चढ फारसा नाही, झाडी दाट. इथे परवानगी आणि वाटाड्या दोन्ही घ्या. वाटाड्या सक्तीचा नसता तरी मी घ्या म्हटलं असतं. पाड्यात वाढलेल्या माणसाच्या कानाला जे ऐकू येतं ते आपल्याला वीस वर्षांतही पुरतं येत नाही. वानराने वरून खॉक-खॉक केलं आणि पाठोपाठ चितळ ओरडलं की तो थांबतो, मान वळवतो, आणि 'खाली उतरतोय' असं पुटपुटतो. कोण उतरतोय ते विचारायची गरज नसते.

त्याला सांगून ठेवा की अंतर कापायचं नाही, खुणा दाखव. वाटेच्या मऊ धुळीत ठसे असतात. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या ठशात नाहीत, कारण तो ती आत ओढून चालतो. वाटेच्या मधोमध दगडावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ती बहुधा उदमांजराची; केसांनी भरलेली, पिळदार असेल तर बिबट्याची. झाडाच्या खोडावर नखांचे उभे ओरखडे. साळिंदराचा पडलेला काटा (उचलायचा नाही, बघायचा). माझ्या एका गटात चौथीतल्या मुलीने वहीत पायवाटेचा नकाशा काढून त्यावर प्रत्येक खुणेला चिन्ह दिलं होतं. शेवटी बघितलं तर नाल्याचा एक चिंचोळा पट्टा सगळ्यांनी वापरलेला. ठसे, विष्ठा, सांबराचे खूर, सगळं तिथेच. कॅमेरे लावणारे अभ्यासकही असाच पट्टा शोधतात. तुमच्या मुलीला बिबट्या दाखवता येईल असं मी म्हणत नाही, पण काल रात्री तो इथून गेला, हे तिचं तिला शोधून काढता येईल.

त्यातून 'नाही, आम्हाला चालायचंच आहे' असं ठरलं, तर मुख्य फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा सहाएक किलोमीटरचा डांबरी रस्ता पहाटेच्या उन्हात चालत जा आणि येताना बस पकडा. डांबरी म्हणून नाक मुरडू नका. नदीकाठाला सकाळी चितळं येतात, आणि रस्ता वाजत नसल्यामुळे आपला आवाजही कमी होतो. कान्हेरीचं तिकीट वेगळं, पुरातत्त्व खात्याचं. शंभराहून अधिक लेणी आहेत, पण लोक चैत्यगृह आणि आसपासची चार-सहा बघून परततात. तुम्ही वर जा, कातळात कोरलेले पाण्याचे पाट आणि पोढी, म्हणजे टाकी, बघत. पावसाचं पाणी डोंगरावरून वळवून टाक्यात साठवायची ती योजना पाहिली की दीड-दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू इथे पाण्याची सोय कशी करत होते ते डोळ्यांनी कळतं. माथ्यावरून जंगलाचा पसारा आणि त्याच्या कडेला टेकलेल्या इमारती एका नजरेत दिसतात. तुळशी आणि विहार हे तलावही याच जंगलात आहेत, विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही मुंबईला पाणी देणारे. त्यांच्या काठाला जायची परवानगी नसते, आणि तिथे मगरीही आहेत, तेव्हा दोन्ही कारणांनी लांबूनच बरे.

जांभूळमाळ हा इथला सर्वांत उंच माथा, ४६८ मीटर. खरा ट्रेक तोच, पण परवानगी आणि जाणता माणूस असल्याशिवाय नाही, आणि या खेपेला मुलीसोबत मी जाणार नाही. ठाण्याकडून येऊरचं फाटक आहे, ती बाजू पक्षिनिरीक्षणाला छान. पण एका दिवसात बोरिवली आणि येऊर दोन्ही करायला जाऊ नका, अर्धा दिवस रस्त्यावर जाईल.

तारखेबद्दल एक सुचवू? फेब्रुवारीत येणं शक्य असेल तर डिसेंबर सोडा. पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात, झाडांवर पानं नसतात, आणि एका फुललेल्या काटेसावरीखाली तासभर बसलं तरी दिवस सार्थकी लागतो. शिंजीर, कोतवाल, भृंगराज, टकाचोर, पोपट, पळसमैना, खारी, कधी वानरंही फुलं ओरबाडायला. तिथे मुलीला शोधत फिरावं लागत नाही, सगळे तिच्याकडे येतात. कारवी मात्र आता लवकर नाही. आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपं २०१६ ला फुलली होती, मग २०२४ ला. आता थेट २०३२. फुलून झालं की कारवी मरते, तिच्या वाळलेल्या काठ्या शेणमातीने लिंपून पाड्यातल्या घरांच्या भिंती होतात. ती काठी वाटाड्याला दाखवायला सांगा.

राहिली दुर्बीण. घ्या, पण दहा पटीची नको, लहान हातात चित्र नुसतं थरथरतं. आठ पटीची, वजनाला हलकी पुरे. आणि ती जंगलात पहिल्यांदा मुलीच्या हातात देऊ नका. आत्तापासून घरी गॅलरीत समोरच्या तारेवरच्या कावळ्यावर सराव करू द्या: आधी नुसत्या डोळ्यांनी कावळा धरायचा, नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. दुर्बीण लावून पक्षी शोधायला गेलं की फक्त पानं दिसतात. पंधरा दिवसांत जमतं. माझ्या मुलाला आठ दिवसांत जमलं होतं, पण आमच्या गॅलरीसमोर कावळे फार.